महाराजांच्या न येण्याचा सोहळा

थंड डोंगरांपलीकडे एक राज्य होतं. तिथे राजा निवडून येत असे. म्हणजे निवडणूक दर वेळी व्हायची आणि राजा दर वेळी तोच यायचा. राजाचं नाव भालेराव अस्वल. ‘घरोघर सफरचंद’ हे वचन देऊन ते गादीवर बसले होते, आणि अख्ख्या राज्यात सफरचंदाचं झाड होतं एकच.

झाड चांगलं भरल्या वयाचं, खोड कवेत न मावणारं. पण भालेराव आल्यापासून त्याला फळ नाही. फळाचं सोडा, फूलसुद्धा नाही.

त्याच्या ढोलीत दिगंबर पिंगळा बायकापोरांसह राहायचा, त्यामुळे कारण त्याला घरबसल्या दिसत होतं. झाड का फुलत नाही ते पाहायला महाराज दर माघात जातीने येत. महाराज येणार म्हणजे कमान आली. ती बांधायचा मान स्वागताध्यक्ष नानासाहेब बोकडांचा. टपोऱ्या कळ्यांच्या आखूड डहाळ्या शोभून दिसतात म्हणून ते नेमक्या त्याच कापत, आणि सफरचंदाला फुलं येतात ती नेमकी त्याच डहाळ्यांवर. समारंभ आटोपला की कमान नानासाहेबांच्या पोटात जाई.

महाराज कमानीखालून येत, हळहळत आणि चौकशी समिती नेमत. मग समितीसाठी वेगळी कमान. एका समितीने भरमसाट खत घालायला सांगितलं. झाड नुसतं पानांनी माजलं, तर त्यालाच विकास म्हणून ढोल वाजवले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

यंदा फर्मान निघालं: चैत्रात फूल दिसलं नाही तर झाड राज्यद्रोही ठरवून तोडण्यात येईल. पिंगळ्याची पिलं अजून उडत नव्हती. पिंगळीण म्हणाली, “इतकी वर्षं गप्प बसलात, आता तरी तोंड उघडा. ही पोरं घेऊन मी कुठे जाऊ?”

पिंगळा भर उन्हात, डोळे मिचकावत दरबारात गेला. “महाराज, एक वर्ष येऊ नका,” तो म्हणाला. “तुम्ही आला नाहीत तर कमान लागणार नाही, आणि कमान लागली नाही तर झाड फुलेल.”

नानासाहेबांचा रवंथ थांबला. महाराज मात्र गहिवरून उभे राहिले. “प्रजेसाठी मी काय केलं नाही? प्रजेसाठी मी येणारसुद्धा नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पिंगळा घरी आला आणि कैक वर्षांनी सुखाने झोपला.

जाग आली ती करवतीच्या आवाजाने. नानासाहेब फांदीवर चढले होते आणि खाली सगळी समिती डहाळ्या गोळा करत होती.

“अहो, महाराज येणार नाहीत ना?” पिंगळा ओरडला.

“नाहीतच येणार. एवढा त्याग आजवर कुठल्या राजाने केलाय? त्याच्या आभाराला एक कमान पुरते होय, पिंगळे?”

वेशीपासून झाडापर्यंत कमानीच कमानी लागल्या. खालून महाराजांची रिकामी पालखी निघाली आणि माकडांनी घसा फोडला: “कोण नाही आला रे, कोण नाही आला? भालेरावांसारखा कुणीच नाही आला!”

चैत्रात झाडावर एकही फूल दिसलं नाही. समितीने अहवाल दिला की पिंगळा बोलला तिथेच अपशकुन झाला. झाड तोडलं. त्याच लाकडाचा फलक त्याच जागी उभा राहिला: ‘येथे भव्य सफरचंद उद्यान होणार.’ पिंगळ्याने पिलं कशीबशी शेजारच्या नासपतीच्या ढोलीत हलवली. पिंगळीण त्याच्याशी बोलत नव्हती.

फलकाच्या अनावरणाला महाराज येणार होते. नानासाहेब नासपतीखाली येऊन मान वर करून कळ्या न्याहाळू लागले. पिंगळा खाली उतरला, पंख जोडले आणि हळूच विचारलं, “नानासाहेब, समितीत एखादी जागा आहे का हो?”

जागा होती. समितीच्या सदस्याच्या झाडाला करवत लावायची नाही, हा जुना नियमही होता.

दुसऱ्या दिवशी करवत पलीकडच्या जर्दाळूला लागली. तिथला सुतारपक्षी, महाराजांना खरं काय ते सांगतोच म्हणून तणतणत निघाला. त्याला वाटेत अडवून शांत करायला समितीने दिगंबररावांनाच पाठवलं.

“अरे, सारखं आपल्या झाडाचं काय घेऊन बसतोस?” दिगंबरराव म्हणाले. “जरा राज्याचा विचार कर.”