वळणावरचा मानकरी

घाटातले दगड अजून बोलत होते, त्या काळातली ही गोष्ट. उतारावरच्या एका वळणावर लहू ड्रायव्हरच्या ट्रकचे ब्रेक तापले. गाडी घसरू नये म्हणून त्याने कडेचा एक दगड उचलून पुढच्या चाकासमोर लावला आणि हात जोडले. "बाबा, आता तूच सांभाळ."

दगडाला आजवर कोणी नमस्कार केला नव्हता. तो चाक धरून घट्ट बसला. ब्रेक निवल्यावर लहूने गाडी जरा मागे घेतली, दगडाला वळसा घातला आणि निघून गेला.

"काम झालं. तुला कडेला ठेवायचं राहिलं की," करवंदीची जाळी म्हणाली.

"राहिलं कसं? मला खुद्द मालकांनी इथे बसवलंय," दगड म्हणाला.

येणारी गाडी हॉर्न वाजवून त्याला चुकवून जाई. दगडाला तो मान वाटे.

आठव्या दिवशी दाट धुक्यातून मालक आले. दगडाने चाक ओळखलं आणि पहिल्यासारखंच अडवलं. टायर फुटला, ट्रक कडेच्या चरात कलंडला. लहू मोडलेला हात धरून बाहेर आला आणि ओरडला, "कुठल्या गाढवाने हा दगड रस्त्यात ठेवला?"

जाळीने दगडाकडे पाहिलं. मालकांचं नाव मालकांनाच सांगणं दगडाला बरं दिसेना.

मागच्या गाड्यांना दिसावं म्हणून लहूने एका हाताने आणखी चार दगड आणून रस्त्यावर मांडले. दुपारी क्रेन आली आणि ट्रकला नि लहूला घेऊन गेली.

आता पाच जण मालकांची वाट बघत बसले.