लावलेलं सोडताना

“मग वायर हलवली कुणी?” निहारनं चौथ्यांदा विचारलं.

मी वायरीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. चारही वेळा तेच सांगितलं. पण फडकं माझ्या हातात, म्हणजे चूक माझी. पंपघर झाडणारीचं खरं कोण मानतंय? त्यानं अहवालात माझं नाव लिहूनही टाकलं. माझं काम गेल्यातच जमा होतं.

पंपांना चालव-थांबव सांगणारा प्रोग्राम थबकला होता, वायर हलल्यामुळेच असं निहारचं म्हणणं. पंप मात्र चालूच. टाकी काठोकाठ यायला वीतभर उरली होती.

तेवढ्यात वसेकर गुरुजी आले. निहारला प्रोग्रामचं काम त्यांनीच शिकवलेलं. पडदा बघून म्हणाले, “डिबगर लावलायस?”

“हो गुरुजी. चूक शोधायला सकाळी लावला, चालत्या प्रोग्रामलाच. आता बंद करून टाकतो.”

“कर.”

निहारनं बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला. यानं प्रोग्राम मारला जाईल, तरी बंद करू?

त्याचं बोट अधांतरीच राहिलं…

प्रोग्राम मेला तर पंप धाडकन थांबणार, आणि पाण्याचा उलटा दणका बसून बाजारातली जुनी पाइपलाइन फुटणार. गावाला चार दिवस पाणी नाही.

“गुरुजी, टाकी भरतेय!”

“दिसतंय मला.”

“मग सांगा ना काहीतरी!”

गुरुजींनी त्याचं मनगट धरलं. “सोडव.”

निहारनं हिसडा मारला. गुरुजींनी आणखी आवळलं.

“हा काय खेळ मांडलाय?” मी ओरडले. “तुम्ही धरलंय, तुम्हीच सोडा की! त्यानं काय हात तोडून घ्यायचा?”

एकेक बोट उचलत गुरुजींनी मनगट मोकळं केलं…

“धरलंय डिबगरनं, सोडायचंही त्यानंच!” म्हणत निहार पडद्याकडे वळला. ‘इथं थांब’ अशा सात खुणा त्यानं सकाळी प्रोग्राममध्ये ठोकल्या होत्या. त्यातल्याच एकीवर प्रोग्राम अडला होता. वायरीवर नाही! त्यानं सातही खुणा काढल्या. ‘मारू का’ला नाही म्हटलं. मग सोडायचा हुकूम लिहिला.

काहीच झालं नाही…

मग पंपांचा आवाज हळूहळू उतरत गेला. टाकी दोन बोटं राखून थांबली.

“चुकलो, मावशी,” निहार म्हणाला. अहवालातलं माझं नाव खोडून तो स्वतःचं लिहायला लागला.

“लावायला कुणी शिकवलं तुला?” गुरुजींनी विचारलं.

“तुम्ही.”

“आणि सोडायला?”

“ते आजच कळलं.”

“मग खोड ते. लिही, केशव वसेकर.”