पाव्हण्यांनी आणलेला कागद

एका गावात एक गाडीवाला होता. बिरू मासाळ त्याचं नाव. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. समोरच्याचं मन मोडेल असा शब्द त्याच्या तोंडून कधी निघत नसे. लोक त्याला चांगुलपणा म्हणत. बिरूही चांगुलपणाच समजे. ते दुखणं होतं हे फार उशिरा कळलं, आणि त्याची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागली.

बिरूकडे पिवळ्या पाटीची सात सीटची गाडी होती. गावाला एस.टी. येई ती लहर लागली तर. त्यामुळे बाजारहाट असो, दवाखाना असो, पोरीचं बाळंतपण असो, गाव बिरूच्याच गाडीत बसायचं. मध्ये वाकडातिकडा घाट होता. त्या घाटात बिरूचा हात कधी चुकला नव्हता. बायाबापड्या गाडीत बसल्या की डोळे मिटून डुलक्या घ्यायच्या, इतका त्यांचा त्याच्यावर भरवसा.

त्याची एकुलती एक मुलगी रेश्मा. ती त्यानं पलीकडच्या गावी मायाप्पा कोळेकरांच्या घरात दिली. मायाप्पांचं घर खाऊनपिऊन सुखी, जावई गुणी, सासू गोड बोलणारी. बिरूला आभाळ ठेंगणं झालं. मायाप्पा शेती सांभाळून गाड्यांच्या विम्याचं काम करायचे. मग बिरूच्या गाडीचा विमाही त्यांच्याकडेच गेला. घरचा माणूस असताना बाहेरच्याच्या दारात कोण जाईल?

दरवर्षी मायाप्पा विम्याचा कागद स्वतः घेऊन यायचे. मुलाचा बाप दारात येणार म्हटल्यावर बिरूच्या घरात धांदल उडायची. अंगण सारवायचं, कोंबडं कापायचं, टॉवेल-टोपीची तयारी ठेवायची. जेवण झालं की मायाप्पा पिशवीतून कागद काढत. बिरू तो दोन्ही हातांनी घेई, देव्हाऱ्यात बिरोबासमोर ठेवी, वर भंडाऱ्याची चिमूट टाकी. दुसऱ्या दिवशी कागदाला प्लास्टिकचं आवरण चढे आणि तो गाडीच्या कप्प्यात जाई. देवाचा हात लागलेला, व्याह्यांनी आणलेला कागद. तो वाचायचा असतो हेच बिरूच्या कधी मनात आलं नाही.

पहिली दोन वर्षं सुरळीत गेली. तिसऱ्या वर्षी बिरूच्या बायकोनं, आनंदीनं, विषय काढला. बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी सांगितलं होतं, की शेजारच्या तालुक्यात खोट्या विम्याचे कागद निघालेत. दिसायला अगदी खऱ्यासारखे, पण कंपनीत त्यांची नोंदच नाही. उपायही सांगितला होता. मोबाइलवर सरकारी ॲप आहे, त्यात गाडीचा नंबर टाकायचा, विमा आहे की नाही आणि कधीपर्यंत आहे ते लगेच दिसतं.

"अवो, आपल्या गाडीचा बघा की एकदा," आनंदी म्हणाली. "अवंदाचा कागद जरा येगळा दिसतोय. कोपऱ्यातली ती ठिपक्याठिपक्यांची काळी चौकट बघा, समदी पुसट आलीया."

"पाव्हण्यांनी आणलाय तो," बिरू म्हणाला.

"पाव्हण्यांनी छापला न्हाई न्हवं?"

बायकोचं खरं होतं. पण पोरीच्या बापाला खरं बोलायची सोय नसते, असं त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. नवऱ्या मुलाकडच्यांनी पुढे केलेल्या वस्तूची पारख करायची नाही. भाकरी कच्ची असली तरी खायची, शब्द कडू असला तरी गिळायचा. अशा रीतीनं वागून त्याच्या तीन बहिणी नांदल्या होत्या.

तरी आनंदीनं पाठ सोडली नाही. मग एका दुपारी तो ओट्यावर मोबाइल घेऊन बसला. त्याच मोबाइलवर तो बैलांच्या शर्यती बघायचा, सकाळी उठून गावाला फुलांची चित्रं पाठवायचा, सोयाबीनचा भाव बघायचा. बघायचं राहिलं होतं ते एवढंच. त्यानं ॲप उघडलं. गाडीचा नंबर एकेक अक्षर करून घातला. आता खालच्या बटणावर बोट टेकवलं की काम झालं.

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. मायाप्पा! जवळच्या गावात कामाला आले होते, जाता जाता डोकावले.

"काय बघताय पाव्हणं, येवढं मन लावून?"

बिरूला खोटं बोलता यायचं नाही. त्यानं अर्धंच खरं सांगितलं. "काय न्हाई. ही आनंदी म्हंती, इम्याचा कागद मोबाइलवर बघता येतोय."

मायाप्पा हसले. वाईट माणूस नव्हता तो. पण हसता हसता त्यांची मान किंचित ताठ झाली. "बघा की. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हंत्यात. पर बघा तुमी. घरच्या माणसावर इस्वास नसंल तर बघाया पायजेच."

आनंदी दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. बिरूच्या डोळ्यांसमोर रेश्मा आली. तिला नुकते दिवस गेले होते. आज संध्याकाळी मायाप्पा घरी जाऊन काय सांगतील? तुझ्या बापानं माझ्यासमोर माझा कागद तपासला? मग त्या गोड सासूचा चेहरा कसा होईल?

"छ्या छ्या," बिरू म्हणाला. "तुमच्यावर इस्वास न्हाई तर कुणावर?" त्यानं मोबाइल पालथा घातला. "आनंदे, चहा टाक."

पाहुणे गेल्यावर तरी बघायचं! रात्री, एकट्यानं, कुणाला न सांगता बघता आलं असतं. पण बिरूनं बघितलं नाही. कारण आता त्याला एक भीती बसली होती. बघितलं आणि खोटं निघालं तर? मग बोलावं लागेल. न बघता गप्प बसणं सोपं असतं, बघून गप्प बसणं फार अवघड. त्यानं सोपं ते निवडलं. त्याच्या वाटणीचा सगळा दोष त्या एका दुपारचा, असं म्हटलं तरी चालेल.

त्याच गावात हमीदा मुलाणी राहायची. नवरा वारलेला, पदरात दोन मुली. शिवणयंत्रावर घर चाले. गावातल्या कुठल्याही नवरीचं ब्लाउज हमीदाभाभीच्या हातचं असे, आणि कुठल्याही बाळाची पहिली कुंची तिच्याच हातची. कुंचीचे पैसे ती घेत नसे. म्हणायची, "पैल्या कापडाचं पैसं घ्यायचं नसत्यात." रेश्माची कुंचीही तिनंच शिवली होती आणि रेश्माच्या लग्नातली ब्लाउजंही.

एका बाजारच्या दिवशी हमीदा अस्तर, दोरे, बटणं घेऊन बिरूच्या गाडीतून परत येत होती. दाराशेजारी बसली होती. मांडीवर पिशवी, एक हात खिडकीच्या कडेला. गाडी घाट उतरत होती. वळणावर समोरून उसाची ट्रॉली आली, रस्त्याच्या मधोमध. बिरूनं गाडी कडेला दाबली. घाटाच्या कठड्यावर गाडी आदळली, घासत गेली आणि थांबली.

खरचटलं सगळ्यांनाच. जीव सगळ्यांचे वाचले. पण हमीदाचा तो हात कठडा आणि दार यांच्यामध्ये सापडला होता. दोरे-बटणं रस्त्यावर सांडली होती आणि ती त्यांच्याकडेच बघत होती, हाताकडे बघत नव्हती. ट्रॉलीवाला थांबलाही नाही.

डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली. शेवटी मनगटापासून हात काढावा लागला.

बिरू दवाखान्यात तिच्या खाटेशी उभा राहिला. त्याला रडू आवरेना. पण एका गोष्टीचा त्याला आधार वाटत होता आणि तोच त्यानं तिला दिला. "भाभी, घाबरू नगासा. गाडीचा पक्का इमा हाय. आता कोर्टात अर्ज करू, कंपनी समदं देईल. पोरींचं शिक्शान थांबायचं न्हाई. बिरोबाची आण घेऊन सांगतो."

हमीदानं मान हलवली. तिचा विश्वास बसला. गावात बिरूच्या शब्दावर कुणाचा बसत नव्हता?

महिनाभरानं बिरू तो कागद घेऊन शहरातल्या कंपनीच्या कचेरीत गेला. टेबलामागच्या मुलीनं कागदावरचा नंबर संगणकात घातला. पुन्हा घातला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "काका, हा नंबर आमचाच आहे. पण तो एका मोटारसायकलच्या पॉलिसीचा आहे. तुमच्या गाडीचा विमा गेल्या वर्षीच संपलाय."

"पर कागद हाय न्हवं," बिरू म्हणाला. प्लास्टिकच्या आत भंडाऱ्याचा पिवळा डाग होता. तो त्यानं तिला बोटानं दाखवला, जणू तो कंपनीचा शिक्का होता.

"कुणीतरी त्यावर तुमची गाडी छापलीय, काका. तुम्ही ॲपवर बघितलं नव्हतं का?"

बिरू बाहेर पायरीवर बसला. त्यानं मोबाइल काढला. नंबर घातला. या वेळी बटणावर बोट टेकवलं. पापणी लवायच्या आत उत्तर आलं, विम्याची मुदत संपलेली. बैल गेला आणि झोपा केला! इतकंसं काम. ते तेव्हा केलं असतं तर दुसऱ्या दिवशी नवा विमा निघाला असता. हात गेला असता तो गेलाच असता, पण हमीदाच्या पोरी उघड्यावर पडल्या नसत्या.

तो तसाच मायाप्पांच्या घरी गेला. आयुष्यात पहिल्यांदा व्याह्याच्या दारात रिकाम्या हातानं गेला. मायाप्पांनी सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मी खोटा कागद न्हाई केला, पाव्हणं. लेकराची शपथ. अवंदा तालुक्याच्या मोठ्या एजंटाकडनं काढला. त्यो स्वस्तात देत हुता."

"मग तुमी मोबाइलवर बघितलं न्हाई?"

मायाप्पा खाली बघत राहिले. "त्यानंच मला या धंद्याला लावलंय. त्याच्या कागदावर संशव कसा घ्यायचा? त्याला काय वाटलं असतं?"

हे तर बिरूचंच वाक्य होतं.

मायाप्पांनी मोबाइल काढून स्वतःच्या मुलाच्या गाडीचा नंबर घातला. तिचाही विमा नव्हता. त्याच गाडीतून रेश्मा दर महिन्याला दवाखान्यात जात होती. मायाप्पांनी मोठ्या एजंटाला फोन लावला. फोन बंद होता. तालुक्याच्या गाळ्याला कुलूप होतं, आणि ते कुठल्या दिवसापासून आहे हे शेजारच्या चहावाल्यालाही आठवत नव्हतं.

पुढे पोलीस झाले, कोर्ट झालं. भरपाई गाडीच्या मालकानं द्यायची, असा निकाल लागला. बिरूनं गाडी विकली, आनंदीनं दागिने काढून दिले. जमेल तेवढं दिलं. ते पुरण्यासारखं नव्हतं. हमीदाच्या थोरल्या मुलीनं शाळा सोडली आणि आईच्या यंत्रावर बसली. तिला अजून सरळ शिवण येत नव्हती.

बिरू एकदा हमीदाकडे गेला. जे झालं ते तिला त्याच्याच तोंडून कळायला हवं होतं. त्यानं दुपारची ती गोष्ट सांगितली. बटण, चपलांचा आवाज, पालथा घातलेला मोबाइल, सगळं सांगितलं.

हमीदा म्हणाली, "बिरूभाऊ, पाव्हण्याची भीड धरलीत. आमी बी तुमच्याच गाडीत बसत हुतो. आमची न्हाई धरलीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बिरूला बरं वाटलं असतं.

कोर्टाचं चालू असतानाच रेश्माला मुलगा झाला. बारशाला मांडवात दोन्ही व्याही आले. ज्या सोयरिकीसाठी बिरूनं तोंड उघडलं नव्हतं, ती सोयरीक तशीही विटली होती. एक या टोकाला बसला, दुसरा त्या टोकाला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सासूचं गोड बोलणं आटलं होतं आणि रेश्मा सगळ्यांच्या मधे मान खाली घालून बसली होती.

पाळण्यात घालण्याआधी बाळाला कुंची घातली. बाजारातून आणलेली, झगमगीत, गळ्याशी टोचणारी. बाळ रडायला लागलं. एका म्हातारीनं सवयीनं विचारलं, "हमीदाची कुंची कुठं हाय गं?"

आनंदीनं उठून कुंचीची नाडी सैल केली. आपण सांगितलं होतं, हे ती नवऱ्याला कधी म्हणाली नव्हती, आणि तेव्हाही म्हणाली नाही. बिरू उठून मांडवाबाहेर गेला. बाळाचं रडणं त्याला बाहेरही ऐकू येत होतं.

तात्पर्य: भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण भीड धरणारा एक आणि भीक वाट्याला येणारा दुसराच असतो. म्हणून ज्याच्या भरवशावर चार जीव बसतात, त्यानं कागद देवानं दिला तरी तपासून घ्यावा. तपासणं म्हणजे अविश्वास नव्हे, ती आपल्या गाडीत बसलेल्यांची राखण आहे.