पांढऱ्या पंख्याची टेकडी

दोष गेन्झोचा होता. नागिहामात हे कुणी आडवळणाने सांगत नाही, लाटेवर किंवा देवावर ढकलत नाही.

जपानच्या किनाऱ्यावरचं हे छोटं शहर. खाली मासळी सुकवायची खळी, जाळी विणण्याचे दोन कारखाने, तारली डब्यात भरणारा एक, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर ही बोडकी टेकडी. वर दगडी चौथरा आहे. तारलीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी शहरातल्या सगळ्यात वयस्कर पुरुषाला तिथं उभं करतात. त्याने सगळ्यांदेखत एक वाक्य म्हणायचं असतं.

कारखाने नव्हते तेव्हा या चौथऱ्यावर मासे हेरणारा बसायचा, असं सांगतात. पाण्याखाली तारलीचा थवा आला की वरून काळसर डाग दिसतो. होडीतल्यांना दिसत नाही. म्हणून हेरणारा पांढरा पंखा हलवून खुणा करायचा. डावीकडे, उजवीकडे, थांबा. खाली तांडेल पाण्याकडे न बघता फक्त टेकडीकडे बघत होडी वळवायचा. पंख्यावर शंका घेतली, तर होडीतली जागा गेली. नियम अर्थातच म्हाताऱ्यांनी केलेला.

गेन्झोने चाळीस वर्षं पंखा हलवला. त्यातली शेवटची तीन वर्षं त्याला धड काही दिसत नव्हतं. हे एकट्या ओरिनला, त्याच्या सुनेला, ठाऊक होतं. खळ्यावरचं काम टाकून ती त्याचं जेवण वर न्यायची. घास घेता घेता तो सहज विचारल्यासारखं करायचा, "आज पाण्याचा रंग कसा वाटतो तुला?"

"दोन सुळक्यांच्या मध्ये काळं आहे, मामंजी."

"ते मला केव्हाच दिसलंय. तुझे डोळे तपासत होतो." आणि पंखा उचलायचा.

गाव त्याच्या नजरेचं कौतुक करी. ओरिन गप्प राही. होडीवर तांडेल तिचा नवरा, योहेई. तो संध्याकाळी परत येतोय ना, मग मोठेपणा घेऊ दे म्हाताऱ्याला, असं तिला वाटे.

एका वर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी मासळीचे व्यापारी मौज बघायला वर आले. मद्य आलं, चटया आल्या.

"गेन्झोसान, या वयात गरुडाचे डोळे म्हणे तुमचे," एक जण म्हणाला.

"गरुडाला वरवरचं दिसतं. मला पाण्याच्या पोटातलं दिसतं."

सगळे हसले. आता त्यांच्यासमोर सुनेला विचारायचं कसं? जेवण ठेवताना ओरिनच कानाशी वाकली. "मामंजी, आज पाणी स्वच्छ आहे. कुठेच काही नाही."

"ठेव ते आणि खाली जा."

त्याला डावीकडे काहीतरी काळं जाणवलं. त्याने पंखा डावीकडे टाकला.

"तो खडक आहे," ओरिन म्हणाली. या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"सुनेला फार बोलू देता तुम्ही," व्यापारी म्हणाला.

म्हातारा उभा राहिला आणि पंखा आणखी जोरात हलवू लागला. ओरिनने त्याचं मनगट धरलं, पंखा ओढून घेतला, थांबायची खूण केली. तोवर होडी वळली होती. वल्हेकऱ्यांनी फुटणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकला होता म्हणे, त्यांनी ओरडून सांगितलंही. योहेईने टेकडीकडे बघितलं. तेव्हा वडिलांचा पंखा अजून डावीकडेच होता. तो डावीकडे गेला.

आठ वल्हेकरी पोहत किनाऱ्याला लागले. तांडेल नाही.

गावातली जाणती मंडळी सांत्वनाला जमली. "समुद्राचं काही सांगता येत नाही," असं म्हणाली.

"सांगता येत होतं," ओरिन म्हणाली. "मी सांगितलं होतं."

तेव्हा कुठे गेन्झो उठला. तिला घेऊन चौथऱ्यावर चढला आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "मला दिसत नाही." पंखा तिच्या हातात दिला. पुढे सव्वीस वर्षं तिने इथूनच होड्यांना खुणा केल्या आणि प्रत्येक तांडेलाला बजावलं, की माझा पंखा चुकतोय असं वाटलं तर होडी थांबव.

आजही हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळ्यात म्हातारा पुरुष इथं उभा राहतो. कारखान्याचा मालक असो, त्याची नजर सुईत दोरा ओवण्याइतकी चांगली असो, त्याला म्हणावंच लागतं, "मला दिसत नाही." मग तो खळ्यावरच्या एका बाईला पंखा देतो. बहुतेक जण पुटपुटतात. खालून बायका ओरडतात, "ऐकू आलं नाही, आजोबा." मग पुन्हा म्हणावं लागतं.

गेन्झोला हे वाक्य तीन वर्षं सुचलं नाही. त्याला एकच मुलगा होता.