सारसाचे पिल्लू आणि आईची वाट

मुलांनो, सागाच्या जंगलात एक तळे होते. त्या तळ्याकाठी एक सारस, त्याची सारसी आणि त्यांचे लहानसे पिल्लू राहत असे. एके दिवशी सकाळी सारसी पलीकडच्या काठावर चरायला गेली. गवतात बिबट्या दबा धरून बसला होता. सारसाने दुरून सगळे पाहिले, पण तो पोहोचेपर्यंत उशीर झाला होता.

पिल्लाने विचारले, "बाबा, आई कुठे आहे?" खरे सांगायला सारसाची जीभ रेटेना. तो म्हणाला, "ती लांबच्या तळ्यावर गेली आहे. येईल हं."

पिल्लाने त्यावर विश्वास ठेवला आणि ते वाट पाहू लागले. आकाशात मोठे पंख दिसले की ते धावत काठावर जाई आणि पक्षी दुसराच निघाला की मान खाली घालून परत येई. बाबांनी आणलेले बेडूकही ते खाईना. "आई आल्यावर खाईन," असे म्हणे. बदके उडायला निघाली तेव्हा ते त्यांच्यामागे धावत गेले आणि म्हणाले, "माझी आई भेटली तर तिला सांगाल का? मी आता मुळीच हट्ट करत नाही. तिला म्हणावं, राग सोड आणि ये."

झाडावरच्या कावळ्याने हे ऐकले. तो म्हणाला, "वेड्या, कोणाला निरोप देतोस? तुझ्या आईला बिबट्याने फाडून खाल्लं. हाडं मी पाहिली आहेत."  पिल्लू लव्हाळ्यात जाऊन लपले आणि बाबांनी कितीही हाका मारल्या तरी बाहेर येईना.

सारस हताश होऊन पाण्यात उभा राहिला. शेजारच्या खडकावर एक कासव ऊन खात बसले होते. सारस त्याला म्हणाला, "पिल्लू रडू नये म्हणून मी खरं लपवलं."

"पण ते रडतच होतं," कासव म्हणाले. "तुला दिसू नये म्हणून तिकडे काठावर जाऊन रडायचं. तू खोटं सांगितलंस आणि कावळ्याने त्या एवढ्याशा जिवाला न पेलणारं सांगितलं. ते विचारेल तेवढंच सांग, पण खरं सांग."

सारस लव्हाळ्यात शिरला आणि पिल्लाला पंखाखाली घेऊन बसला. "बाळा, मी तुला खोटं सांगितलं, ते माझं चुकलं. आई मेली आहे. मेलेलं कोणी परत येत नाही. म्हणून आईसुद्धा येणार नाही."

पिल्लू बाबांच्या पंखाखाली आणखी आत सरकले. मग त्याने हळूच विचारले, "मी हट्ट केला म्हणून मेली का?"

"नाही रे. तुझ्यामुळे काहीच झालं नाही. तुझ्यावर ती कधीच रागावली नव्हती."

"तिला अजून दुखतंय का?"

"नाही. आता तिला काही दुखत नाही."

"मग मला कोण सांभाळणार?"

"मी आहे ना," सारस म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. बाबांना रडताना पाहून पिल्लूही मोकळेपणाने रडले. त्या दिवशी त्याने पोटभर खाल्ले.

पुढेही ते अधूनमधून तेच प्रश्न विचारी आणि सारस न कंटाळता तीच उत्तरे देई. पंख मोठे झाल्यावर एक दिवस पिल्लाने बिबट्याविषयी विचारले. तेव्हा सारसाने त्याला पलीकडच्या काठावर नेले आणि काय घडले ते शांतपणे सांगितले. पिल्लाने सगळे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "बाबा, आई मला हाक कशी मारायची? मला आता आठवत नाही."

सारसाने मान उंचावली आणि अगदी तशीच हाक मारली. पिल्लू पाण्याकडे पाहत उभे राहिले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पुन्हा एकदा मारा."

तात्पर्य : दुःखाची गोष्ट मुलांपासून लपवू नये आणि त्यांच्यावर एकदम लोटूही नये. त्यांच्या वयाला पेलेल एवढे खरे, मायेने जवळ घेऊन सांगावे.