राजाच्या कंबरेचा चाकू

"उद्या दुपारपर्यंत हा चाकू आमच्या कंबरेला नसेल, तर तुझी ऐरण विहिरीत आणि तू वेशीबाहेर!" पिंपळदरीचे राजे भुजंगराव गरजले, आणि येसाजी लोहाराच्या तोंडचं पाणीच पळालं.

चाकू तर समोरच होता! दरबाराच्या मधोमध, सतरंजीवर. येसाजीनंच घडवलेला आणि खुद्द राजांनी पसंत केलेला. मग घोडं अडलं कुठे?

झालं होतं असं. शेजारच्या संस्थानाचा वकील दरबारात आला होता. बोलता बोलता त्यानं कंबरेचा घडीचा चाकू काढला, खट्‌कन उघडला, उसाचं कांडं सोललं, खट्‌कन मिटला आणि परत खोचला. बस्स! राजांचा जीव त्या चाकूत अडकला. "आम्हालाही असाच हवा. रोज जवळ बाळगायला!" खरं तर राजांचा आंबासुद्धा दुसराच कुणीतरी कापायचा, पण हे त्यांना सांगणार कोण?

राज्यातल्या लोहारांनी चाकूंचा ढीग घातला. एकेक चाकू कंबरेला लावून दिवसभर हिंडायचं काम दिवाण गोपाळपंतांच्या गळ्यात पडलं. एक चाकू इतका जड, की पंतांचं धोतर सुटायला आलं. एकाची मूठ चांदीची, दिसायला देखणी, पण घामेजल्या हातातून सटकायची. एक काही केल्या उघडेना, त्यात पंतांचं नख तुटलं. आणि एक न सांगताच उघडला, तोही पंत जेवायला बसत असताना!

शेवटी येसाजीचा चाकू आला. मुठीत मावणारा, चार बोटांच्या पात्याचा, शिंगाच्या मुठीचा. नखानं ओढला की उघडायचा आणि कंबरेला निमूट मिटून राहायचा. पंतांनी त्या चाकूनं दोरी कापली, पेन्सिलीएवढी काडी तासली, बोटं शाबूत राहिली. "हाच!" राजे म्हणाले.

पण पिंपळदरीत धारेची वस्तू कुणी कुणाच्या हातात देत नाही. दिली, की दोघांचं भांडण ठरलेलं! आपण खाली ठेवायची, समोरच्यानं उचलून घ्यायची. येसाजीनं रीतीप्रमाणे चाकू सतरंजीवर ठेवला. आणि राजे वाकेनात!

"पिंपळदरीचा राजा शत्रूपुढे वाकला नाही, तो चाकूपुढे वाकेल?"

"मग हातात घ्यावा, महाराज," पंत म्हणाले.

"आमच्या आजोबांनी व्याह्यांच्या हातून अडकित्ता घेतला होता. वऱ्हाड उपाशी परत गेलं!"

"मी उचलून देतो."

"मग तुमच्याशी भांडण होईल. कारभार कोण बघणार? आम्ही?"

"उंच तिवईवर ठेवू या."

"सिंहासनाच्या बरोबरीला चाकू बसवता? उद्या राज्य मागेल तो!"

"लांबून टाकला तर?" येसाजीनं चाचरत विचारलं.

"राजावर हत्यार फेकतोस? सुळावर जायचंय का?"

आणि मग राजांनी तो ऐरणीचा हुकूम सोडला.

येसाजी घरी आला तो ऐरणीला हात लावून मटकन खाली बसला. त्याच्या वडिलांची ऐरण ती. तिच्यावरच त्याचं घर उभं होतं. आपण इतका चांगला चाकू केलाच कशाला, म्हणून त्याला रडू फुटलं.

त्याची मुलगी सगुणा भाता ओढत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आबा, चाकू तर बरा झालाय न्हवं?"

"चाकू झ्याक झालाय गं पोरी! राजाच बिघडलाय."

"मग रडताय कशापायी? उद्या म्या येते संगट."

दुसऱ्या दिवशी दरबार खचाखच भरला. सतरंजीवरचा चाकू सगुणेनं उचलला आणि पदराआड घेऊन ती सिंहासनापाशी गेली. मागे येसाजी डोळे मिटून उभा होता.

"सरकार, फळ हातात घ्यायला चालतंय का?"

"फळाला कसली हरकत?"

"मग घ्या जी!"

तिनं पदराआडून एक पिकला पेरू काढून राजांच्या हातावर ठेवला. पेरूच्या डोक्यात येसाजीचा चाकू उभा खोचलेला होता!

राजांनी एकदा पेरूकडे पाहिलं, एकदा सगुणेकडे.

"ही लबाडी आहे! चाकू तुझ्याच हातून आला. आता आपलं भांडण होणार!"

"आपलं कशापायी व्हईल, सरकार? म्या चाकू दिला पेरूला. भांडण झालं तर माझं नि पेरूचं."

"आणि आम्ही?"

"तुमी तो पेरूकडनं घेताय. तवा तुमचं भांडण पेरूशी."

"पेरूशी?" राजे ओरडले. "पिंपळदरीच्या राजानं पेरूशी भांडायचं?"

"भांडा की! हत्यार तुमच्याच हातात हाय. चार तुकडे करा आन् खाऊन टाका. मग कुरकुरायला उरतंय कोण?"

मग राजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे खदाखदा हसत सुटले की मुकुट कानावर आला. हसता हसताच त्यांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पेरू चिरला, चाकू खट्‌कन मिटला आणि कंबरेला खोचला!

"येसाजी, ऐरण तुझीच! आजपासून सरकारी भट्टीही तुझी. आणि पोरी, वाड्यामागची पेरूची बाग आम्ही तुला दिली!"

एवढं बोलून राजांनी शत्रूची सगळ्यात मोठी फोड सगुणेच्या हातावर ठेवली.