हौसेशिवाय आलेला माणूस

“मैदानावर मोडली? मग विसर ती गाडी!” बन्सीशेटने कागद भिवराच्या नाकासमोर नाचवला. “काय लिहिलंय ऐक. ‘गाडी हौसेने मैदानावर पळवली आणि मोडली, तर शेट जबाबदार नाही.’ खाली तुझ्या भावाचा अंगठा आहे.”

“अंगठा आहे. पण हे वाचून कोणी दाखवलं त्याला?”

“त्याने विचारलं कुठे?”

भिवराचा थोरला भाऊ सुभाना आपल्या बैलगाडीतून भट्टीवरची कौलं बाजारात पोचवायचा. दर महिन्याला शेटला पायलीभर ज्वारी द्यायची आणि गाडी मोडली तर शेटने नवी द्यायची, असा त्या गाडीचा विमा. सहा वर्षं ज्वारी वेळेवर गेली. सहा वर्षं गाडीचा खिळासुद्धा हलला नाही. तोवर शेट त्याला ‘सुभानराव’ म्हणायचा!

मग तेरगावच्या गजेंद्रराजांनी नवं गोल मैदान बांधलं. त्यांना धावत्या गाड्या बघायचा भारी नाद. दवंडी पिटली गेली, “ज्याला हौस असेल, त्याने अष्टमीला गाडी घेऊन मैदानावर यावं हो! जो येणार नाही, त्याचं नाव लिहून घेतलं जाईल हो!”

सगळ्या गावाला एकदम हौस आली.

तिसऱ्या फेरीला वळणावर सुभानाच्या गाडीचं चाक निखळलं. गाडीच्या फळ्या चुलीत घालण्याजोग्या झाल्या, सुभानाची मांडी मोडली. चार दिवस तो खाटेवर पडून होता. जेवत नव्हता, बोलत नव्हता. दारात पाऊल वाजलं की एवढंच विचारायचा, “गाडी आली का गं?”

ते आठवलं आणि भिवराचं डोकं फिरलं. शेटच्या पेढीवरून उठली ती थेट दरबारात घुसली. पायातल्या वहाणा काढायचंही भान राहिलं नाही.

“महाराज, माझा भाऊ मैदानावर हौसेने आला नव्हता! शेटने त्याला नवी गाडी दिली पाहिजे!”

राजांच्या मिशा थरथरल्या. “माझ्या मैदानावर कोणी हौसेशिवाय येतं? असं म्हणतेस? ठीक! असा एक माणूस उद्या दुपारी माझ्यासमोर उभा कर. आपल्याला अजिबात हौस नव्हती, हे त्याने भर दरबारात स्वतःच्या तोंडाने सांगावं. आणलास, तर शेट गाडी देईल. नाही आणलास, तर तुझे बैल सरकारजमा!”

बन्सीशेट गालात हसला. राजांच्या तोंडावर असं सांगायला कोण येणार!

भिवरा दारोदार फिरली. शेजारचा गाडीवान म्हणाला, “मला तर बाई फार हौस!” त्याचे दोन्ही हात फडक्यात बांधलेले होते. दवंडीवाला म्हणाला, “मी तर दवंडीसुद्धा हौसेने देतो!” आणि त्याने खिडकी लावून घेतली. तिसऱ्याने दारच उघडलं नाही. आतून ओरडला, “घरात कोणी नाही! सगळे हौसेने बाहेर गेलेत!”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती राजांच्या कोठीपाशी गेली. मैदानावर पाणी वाटणारा पाणक्या तिथे शिध्याच्या रांगेत उभा होता. कोठीचा नियम असा, की मैदानावर जे कामाला होते, त्यांनाच शिधा. जे हौसेने आले, त्यांनी घरचं खावं.

“ताई, मला नको बोलावूस,” पाणक्या हळूच म्हणाला. “पोरंबाळं आहेत मला.”

एवढ्यात त्याच्या पुढचा माणूस शिधा घेऊन वळला. तांदूळ, तूरडाळ, वर तुपाचा लोटा. तो बन्सीशेटचा नोकर होता, आणि शिधा शेटच्याच नावावर उचलला होता! तुपाचा लोटा वळणाआड जाईपर्यंत भिवरा बघत राहिली. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसली.

दुपारी दरबार भरला.

“कुठाय तुझा माणूस?” राजांनी विचारलं.

“इथेच आहे, महाराज. शेटजी, अष्टमीला तुम्ही मैदानावर होतात?”

“म्हणजे काय! पहिल्या रांगेत!”

“हौसेने?”

“हौसेने म्हणजे? अगं, हौसेने नाचायचाच बाकी होतो!” शेटने राजांकडे बघून हात जोडले.

“मग कोठीतला शिधा कसा घेतलात? तो तर कामावरच्या माणसांचा!”

शेटचे जोडलेले हात तसेच राहिले. राजे पुढे झुकले. “शेट, खोटं सांगून कोठीतलं तूप नेणाऱ्याला आम्ही काय करतो, ठाऊक आहे ना?”

“छे छे, महाराज! मी कामालाच होतो! विमा उतरवलेल्या गाड्यांवर नजर ठेवायला!”

“आणि हौस?” भिवराने विचारलं.

“कसली हौस! डोक्यावर ऊन, नाकात धूळ! अजिबात हौस नव्हती!”



“हा घ्या तुमचा माणूस, महाराज!” भिवरा म्हणाली. “आता एवढंच सांगा. मांडवात लोडाला टेकून, पान चघळत गाडी बघणं हे जर काम, तर त्याच उन्हात, त्याच धुळीत ती गाडी हाकणं ही मौज कशी?”

राजांनी शेटकडे बघितलं. मग भिवराकडे. आणि असे खदाखदा हसले, की पगडी कानावर आली!

“शेट, नवी गाडी! आजच! आणि ती तुम्ही स्वतः हाकत तिच्या दारात न्यायची!”

“महाराज, मला गाडी हाकता येत नाही!”

“शिका की! मौजच असते ती! आणि पोरी, तुला काय बक्षीस हवं?”

“महाराज, दवंडीतलं दुसरं वाक्य काढून टाका.”

राजांचं हसू क्षणभर थांबलं. मग दुप्पट जोराने उसळलं. “काढलं!”

दिवस मावळायच्या आत भट्टीच्या वाटेवर घुंगरं वाजली. सुभाना कोपरावर उठला. “गाडी आली का गं?”

“आली, दादा!” भिवराने दार सताड उघडलं. “शेटजींनी स्वतः हाकत आणली. हौसेने!”